गृहस्थाश्रमातील हेर : एका रूपबंधाचा इतिहास

१

हेरगिरी आणि संसार यांची सांगड घालणाऱ्या विनोदी साहसकथा गेल्या तीन-साडेतीन दशकांत चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि चित्रकथा या माध्यमांतून विपुल प्रमाणात निर्माण झाल्या आहेत. अभ्यासकांनी त्यांची दखल क्वचितच घेतली आहे. घेतली तेव्हाही ती करमणुकीच्या बाजारातील एक माल म्हणून. त्यांच्या लोकप्रियतेचे जे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते ते असे : नोकरी, हप्ते, मुलांच्या शाळा यांत पिचलेल्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला आपल्यासारखाच दिसणारा एक गृहस्थ गुप्तपणे पराक्रमी असल्याचे पाहून दिलासा मिळतो. स्वप्नरंजनाचे हे स्पष्टीकरण चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. स्वप्नरंजन एवढाच हेतू असेल, तर निखळ साहसकथा तो अधिक समर्थपणे साधते. जेम्स बाँडला पालकसभेला जावे लागत नाही आणि बायकोच्या वाढदिवसाला उशीर झाल्याची सबब सांगावी लागत नाही. ज्या घरातून प्रेक्षकाला क्षणभर सुटका हवी आहे, तेच घर कथेत पुन्हा का आणले जाते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर साहसापेक्षा गुपिताच्या अंगाने शोधणे अधिक फलदायी ठरते. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजशास्त्रविषयक ग्रंथात गुपिताची स्वतंत्र मीमांसा केली आहे. कोणताही मानवी संबंध परस्परांविषयीच्या ज्ञानावर जसा उभा असतो, तसा तो काही प्रमाणात अज्ञानावरही उभा असतो, आणि विवाहासारखा अतिनिकट संबंधही याला अपवाद नसतो, असे त्याच्या विवेचनाचे सार सांगता येईल. संसारात प्रत्येकजण काहीतरी राखून ठेवत असतो : कचेरीतला अपमान, न सांगितलेले कर्ज, जुनी ओढ, थकवा, कंटाळा. या लपवण्याला सहसा कोणतेही उदात्त कारण नसते. हेर-सुखात्मिका नेमके हे कारण पुरवते. नवरा उशिरा येतो, कारण तो राष्ट्राचे रक्षण करीत असतो. तो खोटे बोलतो, कारण तसे बोलणे हे त्याचे कर्तव्य असते. शेवटी सत्य उघड झाले की त्याची थोरवी सिद्ध होते आणि जुन्या सगळ्या थापा एकदम माफ होतात. या रूपबंधाच्या आकर्षणाचे मूळ या माफीत आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. मात्र ही माफी कोण देतो, कोणाला देतो आणि तिची किंमत कोणाच्या पदरी पडते, याचा विचार केल्याशिवाय या कथांचे मूल्यमापन करता येत नाही. त्या दृष्टीने या रूपबंधाचा इतिहास म्हणजे घरातील कोणाला काय माहीत आहे, याचा इतिहास होय.

२

हेर आणि गृहस्थ यांचा संबंध आधुनिक नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात एका जागी राहून काम करणाऱ्या हेरांचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत कापटिक, उदास्थित, वैदेहक आणि तापस यांच्या जोडीला 'गृहपतिक' हा प्रकार आहे. उपजीविका गमावलेला, परंतु बुद्धिमान आणि शुचिर्भूत असा शेतकरी निवडावा, त्याला जमीन द्यावी आणि त्याच्या संसारी वेषाआडून माहिती मिळवावी, अशी ही योजना आहे. याउलट, फिरत्या हेरांपैकी 'सत्री' या वर्गासाठी ज्यांना कोणी नातेवाईक नाहीत आणि ज्यांचे पोषण राज्याला करावेच लागते, अशांची निवड सुचविली आहे. शत्रूकडूनही वेतन घेणाऱ्या 'उभयवेतन' हेरांच्या बाबतीत तर त्यांची बायकामुले ताब्यात ठेवूनच त्यांना कामास लावावे, असे सांगितले आहे. मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगले यांनी सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे (१९६०) हा ग्रंथ मराठी अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, कौटिल्याच्या लेखी कुटुंबाची उपयुक्तता तीन परींची आहे. ते वेष म्हणून उपयोगी पडते, अडथळा म्हणून टाळावे लागते आणि ओलीस म्हणून राखता येते. पुढील दोन हजार वर्षांच्या हेरकथा या तीन शक्यतांभोवतीच फिरत राहिल्या आहेत.

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त या शक्यतांना नाट्यरूप मिळाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८८४ साली संपादित केलेले आणि त्याआधीच कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या भाषांतरामुळे मराठीत आलेले हे नाटक स्त्रीपात्रे जवळजवळ नसलेले, शृंगाराला थारा न देणारे, शुद्ध राजकारणाचे नाटक म्हणून ओळखले जाते. परंतु त्यातील सारे कपटजाल ज्या एका वस्तूवर उभे आहे, ती वस्तू घरातून आलेली आहे. नगर सोडून जाताना राक्षसाची मुद्रा त्याच्या पत्नीने विरहात मन रमवण्यासाठी स्वतःकडे ठेवून घेतली आहे. ती मुलासह चंदनदासाच्या घरी लपली असताना चाणक्याचा हेर निपुणक यमपट दाखविण्याच्या मिषाने तेथे शिरतो. पाच वर्षांचे मूल कुतूहलाने बाहेर धावते; दाराआडून एक स्त्री हात पुढे करून त्याला मागे ओढते; आणि पुरुषाच्या बोटाच्या मापाची असलेली ती अंगठी त्या धावपळीत गळून निपुणकाच्या पायाशी येते. पुढे खोट्या पत्रावर उमटते ती हीच मुद्रा.

प्रेमाची खूण, मुलाचे बालसुलभ कुतूहल आणि आईचा सावधपणा या तीन निर्मळ गृहगोष्टींतून राजकारणाला त्याचे शस्त्र मिळते. राक्षसाची पत्नी नाटकात दिसते ती केवळ एका हाताच्या वर्णनातून. तिला काय ठाऊक होते, आपल्या हातून काय घडले हे तिला कधी कळले का, याविषयी नाटक मौन पाळते. शेवटी राक्षस शरण येतो तोही तलवारीच्या धाकाने नव्हे, तर बायकोमुलासह वधस्थानी निघालेल्या मित्रासाठी. घर हे हेरगिरीचे मर्मस्थान आहे, हे विशाखदत्ताने ओळखले होते. हेच मर्मस्थान हास्याचा विषय होण्यास मात्र फार काळ जावा लागला.

३

युरोपीय कादंबरीत संसारी हेराचे पहिले मोठे चित्र जोसेफ कॉनरॅडच्या 'द सीक्रेट एजंट' (१९०७) या कादंबरीत आढळते. लंडनमध्ये १८९४ साली ग्रीनिच वेधशाळेजवळ झालेल्या स्फोटाच्या घटनेवरून सुचलेल्या या कादंबरीतील व्हर्लॉक हा परकीय वकिलातीचा पगारी हेर आहे. तो आळशी आहे, स्थूल आहे, आणि एका कळकट दुकानामागे बायको, सासू व मंदबुद्धी मेहुणा यांच्यासह राहतो. त्याची पत्नी विनी हिने हा विवाह भावाच्या पालनपोषणाची सोय म्हणून केला आहे. आणि फार खोलात शिरू नये, हे तिच्या संसाराचे सूत्र आहे. दोघेही परस्परांना प्रश्न विचारीत नाहीत, म्हणूनच त्यांचे घर चालते. व्हर्लॉक त्या भोळ्या मेहुण्याच्या हाती स्फोटक देतो, तो मुलगा त्यात मरतो, आणि हे कळल्यावर विनी जेवणाच्या टेबलावरील सुरीने नवऱ्याचा जीव घेते.

या कथेचा सांगाडा सुखात्मिकेचाच आहे. दुहेरी जीवन जगणारा नवरा, काहीच न जाणणारी बायको, आणि शेवटी होणारा उलगडा हे सारे घटक येथे आहेत. कॉनरॅडचा निवेदनाचा सूरही सातत्याने उपरोधाचा आहे. तरीही ही शोकात्मिका ठरते, कारण सत्य कळल्यावर जे क्षम्य ठरावे असे काहीच उरत नाही. ॲरिस्टॉटलने ज्याला अभिज्ञान म्हटले, ती ओळख पटण्याची घटना येथे घडते. पण ओळख पटते ती आपल्या माणसाच्या क्षुद्रतेची. पुढे सुखात्मिकेने हाच सांगाडा स्वीकारून क्षुद्रतेच्या जागी थोरवी ठेवली.

या स्थित्यंतरातील महत्त्वाचा टप्पा म्हणजे ग्रॅहॅम ग्रीनची 'अवर मॅन इन हॅवाना' (१९५८) ही कादंबरी आणि कॅरल रीड याने १९५९ साली तिच्यावर केलेला चित्रपट. हॅवानामध्ये व्हॅक्यूम क्लीनर विकणारा वर्मोल्ड हेर होतो तो देशभक्तीपोटी नव्हे. वाढत्या वयाच्या मुलीचे हट्ट पुरवण्याइतके त्याचे उत्पन्न नाही. तिला घोडा हवा आहे. म्हणून तो नसलेले हेर कागदावर निर्माण करतो, त्यांचे पगार उचलतो, आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या भागांची चित्रे लष्करी यंत्रणा म्हणून लंडनला पाठवतो. वडील मुलीसाठी खोटे बोलतात आणि सरकार ते खोटे आनंदाने विकत घेते, अशी ही रचना आहे. ग्रीनने येथे निष्ठांची क्रमवारी बदलली. देशापेक्षा मुलगी मोठी, आणि हे ठरविण्यास वर्मोल्डला क्षणाचाही विचार करावा लागत नाही. परंतु या विनोदाच्या पोटातही मृत्यू आहे. काल्पनिक हेरांची नावे खऱ्या माणसांना चिकटतात आणि खरी माणसे मारली जातात. घरासाठी बोललेल्या खोट्याची किंमत घराबाहेरच्यांनी मोजली, याचा विसर ग्रीन वाचकाला पडू देत नाही.

४

शीतयुद्धाच्या काळातील लोकप्रिय हेरनायक मात्र संसाराबाहेरच ठेवला गेला. इयन फ्लेमिंगच्या बाँडचा अवतार १९५३ साली 'कसिनो रॉयाल'मध्ये झाला. १९६३ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये त्याचे लग्न होते. परंतु लग्नानंतर काही तासांतच त्याची पत्नी गोळीला बळी पडते. कथामालिका चालू राहण्यासाठी विवाह चालू राहणे शक्य नव्हते. जॉन ल कारेच्या जगात हेर विवाहित आहे, पण त्याचा विवाह हे त्याचे भगदाड आहे. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७४) मध्ये फितूर अधिकारी स्मायलीच्या पत्नीशी संबंध जोडतो तो, स्मायलीने आपल्यावर घेतलेला संशय मत्सरातून आला आहे असे जगाला वाटावे म्हणून. कौटिल्याच्या परिभाषेत बोलायचे, तर बाँडच्या जगात कुटुंब हा टाळावयाचा अडथळा आहे आणि ल कारेच्या जगात ते शत्रूच्या हाती गेलेले ओलीस आहे.

या दोन्ही वाटा सोडणारी पहिली ठळक कृती अमेरिकन दूरचित्रवाणीवर आली. मेल ब्रूक्स आणि बक हेन्री यांनी निर्माण केलेली 'गेट स्मार्ट' (१९६५-७०) ही मालिका बाँडपटांचे विडंबन म्हणून सुरू झाली. १९६८ साली तिचा नायक मॅक्सवेल स्मार्ट आपल्या सहकारी हेर '९९' हिच्याशी विवाह करतो आणि पुढील पर्वात त्यांना जुळी मुले होतात. लग्न लागले तरी वधूचे खरे नाव प्रेक्षकाला कळत नाही. ती क्रमांकानेच ओळखली जाते. या विनोदात पुढील सर्व हेर-सुखात्मिकांचे बीज आहे. ज्या संस्थेत नाव सांगण्याची प्रथा आहे आणि ज्या व्यवसायात नाव लपवण्याची, त्या दोहोंना एकाच मंडपात आणल्यावर जे घडते ते हास्यकारक असते.

या हास्याचे स्वरूप आंरी बर्गसाँच्या १९०० सालच्या हास्यविषयक निबंधाच्या आधारे स्पष्ट करता येते. एखादी परिस्थिती एकाच वेळी दोन स्वतंत्र घटनामालिकांत मोडत असेल आणि तिचे दोन भिन्न अर्थ लागत असतील, तर ती हास्यकारक होते, असे बर्गसाँ म्हणतो. जेवणाच्या टेबलावर वाजणारा दूरध्वनी हेराच्या दृष्टीने आदेश असतो आणि पत्नीच्या दृष्टीने कचेरीची कटकट. भारतीय रसविचारही येथे उपयोगी पडतो. भरताने वीररसातून अद्भुताची निष्पत्ती सांगितली आहे, हास्याची नाही; हास्याचे मूळ त्याने विकृत वेष, विकृत आचार यांत पाहिले, आणि अभिनवगुप्ताने अनौचित्याच्या तत्त्वाने त्याची व्याप्ती वाढवली. हेर-सुखात्मिकेत वीराचे स्थायी भाव कायम राहतात. बदलतो तो विभाव. शत्रूच्या तळावर जो उत्साह उचित असतो तोच मुलीची वही तपासताना अनुचित ठरतो. म्हणून येथे वीर आणि हास्य शेजारी ठेवलेले नसतात. एकच कृती जागा बदलल्याने दुसऱ्या रसात शिरते. या रूपबंधाची कलात्मक शक्यता येथे आहे.

५

या शक्यतेला पूर्ण रूप मिळाले ते सोविएत संघाच्या विघटनाच्या सुमारास, आणि हा योगायोग मानता येणार नाही. क्लोद झिदी याचा 'ला तोताल' हा फ्रेंच चित्रपट १९९१ सालचा. त्यावर बेतलेला जेम्स कॅमेरून याचा 'ट्रू लाइज' १९९४ सालचा. जोवर जगाची दोन गटांत विभागणी होती, तोवर हेराच्या खोट्याला इतिहासाचे पाठबळ होते. ते गेल्यावर हेराच्या कथेला नवा विषय शोधावा लागला, आणि तो तिला घरात सापडला. त्याच सुमारास पाश्चात्त्य मध्यमवर्गीय घरातही मोठे बदल झाले होते. बाहेर नोकरी करून आलेली स्त्री घरी दुसरी पाळी करते, हे आर्ली हॉक्शिल्ड हिने १९८९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. दोघेही कामावर, दोघेही थकलेले आणि परस्परांच्या दिवसाविषयी अनभिज्ञ, असे घर हेरकथेला आयतेच मिळाले.

'ट्रू लाइज'मधील हॅरी टास्कर घरच्यांच्या लेखी संगणकविक्रेता आहे. त्याची पत्नी हेलन कंटाळली आहे. आणि एक मोटारविक्रेता स्वतःला हेर म्हणवून तिच्याशी सलगी करू पाहतो. ही कल्पना विलक्षण मार्मिक आहे. खरा हेर विक्रेत्याचे सोंग घेतो, खरा विक्रेता हेराचे सोंग घेतो, आणि बायको भुलते ती दुसऱ्या सोंगाला. तिला हवा असलेला थरार तिच्याच घरात झोपलेला असतो. यानंतर मात्र चित्रपट एका अवघड वळणावर येतो. संशयाने पछाडलेला हॅरी सरकारी यंत्रणा वापरून पत्नीवर पाळत ठेवतो, तिला पकडून आणवतो, आणि एकतर्फी काचेआड बसून बदललेल्या आवाजात तिची उलटतपासणी करतो. पुढे खोटी कामगिरी सोपवून तिला हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत, ओळख न देता, स्वतःसमोर नाचायला लावतो.

या प्रसंगांना प्रेक्षागृहात हशा मिळतो. कारण आपण जे जाणतो ते हेलन जाणत नाही, या नाट्यगत उपरोधाने प्रेक्षक हॅरीच्या बाजूला बसवला जातो. पण ज्ञानाची ही वाटणी निरागस नाही. काचेच्या एका बाजूला नवरा, राज्यसंस्था आणि प्रेक्षक आहेत. दुसऱ्या बाजूला एकटी स्त्री आहे. पंधरा वर्षे खोटे बोललेला पुरुष, काही दिवस गोंधळलेल्या स्त्रीला सत्य सांगण्यास भाग पाडतो. उलगडा झाल्यावर ती रागावते, हे खरे. परंतु कथानक लगेच अपहरण, पूल आणि लढाऊ विमान यांच्या धडाक्यात शिरते आणि हिशेब चुकता करण्यास वेळच उरत नाही. येथे मारधाडीचे कार्य केवळ रंजनाचे नाही. जो संवाद नवराबायकोत व्हायला हवा होता, त्याची जागा ती घेते. घरातील समेटाची किंमत आणखी एका ठिकाणी वसूल केली जाते : चित्रपटातील अरब खलनायकांचे चित्रण इतके साचेबद्ध आहे की त्याविरुद्ध त्या काळी अमेरिकेतील अरब संघटनांनी निषेध नोंदवला होता. घर एकत्र यावे म्हणून बाहेरचा शत्रू जितका सपाट करता येईल तितका केला गेला. अखेरच्या दृश्यात दोघेही हेर झालेले दिसतात, आणि या शेवटात एक खरी अंतर्दृष्टी आहे. पत्नीला माहिती मिळून भागत नाही, तिला कामात वाटा हवा असतो, हे चित्रपटाला शेवटी का होईना उमगते.

६

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ज्ञानाची ही वाटणी बदलू लागली. रॉबर्ट रॉड्रिगेझ याच्या 'स्पाय किड्स' (२००१) मध्ये आईवडील दोघेही निवृत्त हेर आहेत आणि त्यांची प्रेमकथा आई मुलांना झोपताना गोष्ट म्हणून सांगते. मुलांसाठी ती परीकथा असते; प्रेक्षकाला ती कबुली असल्याचे कळते. पुढे आईवडील पकडले जातात आणि त्यांना सोडवण्याचे काम मुलांवर येते. येथे अभिज्ञानाची दिशा पालटली आहे : मुले आईवडिलांना ओळखतात. लॅटिन अमेरिकी वळणाचे मोठे, पसरलेले, रुसवेफुगवे असणारे कुटुंब कथेच्या केंद्रस्थानी असल्यामुळे क्षमा एका व्यक्तीकडून दुसरीला न मिळता गोतावळ्यात वाटली जाते.

डग लायमन याच्या 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ' (२००५) मध्ये पतिपत्नी दोघेही भाडोत्री मारेकरी आहेत. दोघेही एकमेकांपासून ते लपवतात. समान अज्ञानामुळे काचेची भिंतच येथे नाहीशी होते. चित्रपटाचा आरंभ आणि शेवट विवाह-समुपदेशकासमोर होतो, आणि मधल्या भागात दोघे मिळून आपलेच सुसज्ज घर गोळ्यांनी उद्ध्वस्त करतात. उलगड्यानंतरच ते प्रथमच खरे बोलू लागतात, तेही पाठलागाच्या मध्यावर, धावत्या गाडीत. पूर्वीचे लग्न, शिक्षण, आईवडील यांविषयीच्या एकेक थापा ते कबूल करतात. या प्रसंगाचा विनोद अस्सल आहे, कारण जिवावरच्या प्रसंगापेक्षा नवऱ्याच्या जुन्या लग्नाच्या बातमीने नायिकेला अधिक धक्का बसतो. येथे हिशेब निदान मांडला तरी जातो.

७

सुखात्मिकेची ही तडजोड नाकारणारी कृतीही याच परंपरेत जन्मली. २०१० साली अमेरिकेत खोट्या नावांनी राहणारे दहा रशियन हेर पकडले गेले; त्यांत संसार थाटून बसलेली जोडपी होती. या घटनेच्या पार्श्वभूमीवर सी.आय.ए.चा माजी कर्मचारी जो वाइजबर्ग याने 'दि अमेरिकन्स' (२०१३-१८) ही मालिका निर्माण केली. १९८० च्या दशकात वॉशिंग्टनच्या उपनगरात राहणारे के.जी.बी.चे हेर-दांपत्य, आणि काहीच न जाणणारी दोन मुले, ही तिची मांडणी. मोठ्या मुलीला सत्य सांगितले जाते तेव्हा सुटकेचा निःश्वास पडत नाही. सत्याचे ओझे तिच्यावर पडते. अखेरीस आईवडील मायदेशी परततात आणि मुले मागे राहतात. सत्यकथनाने नाते आपोआप सांधले जात नाही, हे या मालिकेने दाखविल्यानंतर हेर-सुखात्मिकेला पूर्वीच्या भाबडेपणाने क्षमा वाटणे कठीण झाले.

राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. यांची 'द फॅमिली मॅन' (पहिले पर्व २०१९, दुसरे २०२१) ही हिंदी मालिका या बदललेल्या काळाची आहे. तिचा नायक श्रीकांत तिवारी मुंबईत राहणारा मध्यमवर्गीय सरकारी नोकर आहे. त्याचा सहकारी तळपदे हा मराठी आहे. आणि त्याच्या संसारातील सल एका ठिकाणाच्या नावाने ओळखला जातो, ते म्हणजे लोणावळा. पत्नी सुचित्रा सहकाऱ्यासोबत तेथे गेली असता काय घडले, हे दुसऱ्या पर्वाच्या अखेरीसही प्रेक्षकाला सांगितले जात नाही. 'ट्रू लाइज'शी तुलना करता हा फरक मूलगामी आहे. तेथे पत्नीचे गुपित नवऱ्याने यंत्रणेच्या बळावर काढून घेतले. येथे देशाची गुपिते शोधणारा माणूस स्वतःच्या घरातील एका प्रश्नापुढे हतबल आहे, आणि प्रेक्षकालाही काचेआडची जागा नाकारलेली आहे. सुचित्रालाही स्वतःचे गुपित असण्याचा अधिकार कथानक मान्य करते. दुसऱ्या पर्वात श्रीकांत हेरगिरी सोडून खाजगी कंपनीत रुजू होतो, वेळेवर घरी येतो, आणि तरीही संसार सावरत नाही. लपवण्याला उदात्त कारण मिळाले की सारे क्षम्य होते, या मूळ गृहीतकालाच येथे तडा जातो. कारण काढून घेतले तरी दुरावा उरतोच. मुलगी धृती ज्या तरुणावर विश्वास ठेवते तो खोट्या नावाने वावरणारा निघतो. बापाच्या व्यवसायाचे साधन लेकीवर उलटते, आणि घराबाहेर ठेवलेले खोटे घरात परत येते. राज्यसंस्थेच्या पाळतीविषयी ही मालिका नेहमी तितकीच चिकित्सक राहते, असे म्हणता येणार नाही. परंतु घरापुरता तिने हिशेब चुकवलेला नाही.

जपानी चित्रकथाकार तात्सुया एंदो याची २०१९ पासून प्रसिद्ध होत असलेली आणि २०२२ पासून सचेतपटाच्या रूपात जगभर पोचलेली 'स्पाय फॅमिली' ही कृती वेगळ्या वाटेने जाते. शीतयुद्धातील विभक्त जर्मनीची आठवण करून देणाऱ्या काल्पनिक देशांत एक हेर कामगिरीसाठी खोटे कुटुंब उभे करतो. अनाथाश्रमातून मुलगी आणतो आणि सोयीसाठी विवाह करतो. पत्नी मारेकरी आहे, हे त्याला ठाऊक नाही. नवरा हेर आहे, हे तिला ठाऊक नाही. मुलगी आन्या मात्र दुसऱ्याच्या मनातले ऐकू शकते आणि तिला सर्व ठाऊक आहे. पूर्वी अनेक घरांतून परत पाठवली गेलेली ही मुलगी आपली शक्ती लपवते, ती पुन्हा टाकले जाण्याच्या भीतीने.

कौटिल्याच्या गृहपतिकाचा हा पूर्ण उलट प्रवास आहे. तेथे खऱ्या गृहस्थाला वेष म्हणून वापरले. येथे वेष म्हणून घेतलेले गृहस्थपण हळूहळू खरे होत जाते. ज्ञानाची वाटणीही पूर्ण फिरली आहे. विशाखदत्ताच्या नाटकात दाराबाहेर धावलेले मूल काहीच न जाणता सारे घडवून आणते. एंदोच्या कथेत सर्व काही जाणणारे मूल घर टिकावे म्हणून गप्प राहते. तिच्या बालबुद्धीने लावलेल्या चुकीच्या अर्थांतून हशा पिकतो, पण त्या हशाखाली टाकल्या जाण्याचे भय सतत जाणवत राहते. येथे अभिज्ञानाचा क्षण लांबणीवर पडत राहतो आणि त्याची निकडही भासत नाही. शाळेची मुलाखत, गृहपाठ, न जमलेला स्वयंपाक ही कामे खोट्या आईबापांनी रोज खरोखरच केलेली असतात. आणि नाते त्या करण्यात साठत जाते.

८

या इतिहासातून काही निष्कर्ष काढता येतात. हेर-सुखात्मिकेने प्रेक्षकाला दिलेला मुख्य आनंद पराक्रमाचा नाही. घरात लपवलेल्या गोष्टींना योग्य कारण आहे आणि ते कळल्यावर आपल्याला क्षमा मिळेल, या आश्वासनाचा तो आनंद आहे. हे आश्वासन प्रत्येक काळात वेगळ्या रीतीने दिले गेले. कॉनरॅडने ते नाकारले, ग्रीनने त्याची किंमत दाखवली, कॅमेरूनने ते पत्नीच्या आणि परक्यांच्या खर्चाने स्वस्तात वाटले, लायमनने ते उभयतांत समान विभागले. त्यानंतरच्या कृतींनी क्षमेचा तो एकच मोठा क्षण संशयास्पद ठरवला.

या प्रकारातील कृतींचे मूल्यमापन करताना मारधाडीची सफाई किंवा विनोदाची चमक एवढ्यावर थांबणे म्हणूनच पुरेसे नाही. अज्ञानात कोणाला ठेवले आहे, त्या अज्ञानावर हसण्यासाठी प्रेक्षकाला कोठे बसवले आहे, आणि उलगड्यानंतर त्या व्यक्तीला बोलण्यास किती अवकाश मिळतो, हे प्रश्न विचारावे लागतात. 'मुद्राराक्षसा'तील दाराआडच्या त्या स्त्रीला विशाखदत्ताने एक हात दिला, आवाज दिला नाही. हेलन टास्करला आवाज मिळाला, पण तो काचेआडच्या प्रश्नांना उत्तरे देण्यापुरता. लोणावळ्याविषयी मौन पाळण्याचे सुचित्राचे स्वातंत्र्य आणि सर्व जाणून गप्प राहण्याचा आन्याचा निर्णय या दोन गोष्टी त्या मानाने फार पुढच्या आहेत. हलक्याफुलक्या समजल्या गेलेल्या या रूपबंधाने पुष्कळ वळसे घेत एवढी मजल मारली आहे, आणि गंभीर समीक्षेने त्याकडे पाहण्यास हे कारण पुरेसे आहे.